अकरा मीटर तार

कुडतरीहून टेम्पोत आला, गोणपाटात गुंडाळलेला.
नाव नव्हतं.
पितळी पट्टीची दोन भोकं तेवढी राहिलेली
आणि डायलच्या काचेवर तुटकी शहरं:
लिस्स, हिल्व्हर, नैरो.
एस्पेरांसा म्हणाली, बापाचा. तारवटी होता तो,
चौसष्ट साली बोटीवरून आणलेला.
कंपनी? तिनं खांदे उडवले.
"आम्ही रेडिओच म्हणायचो त्याला."

पाजीफोंडच्या दुकानात मी तो उपडा केला.
आधी झुरळांची अंडी, मग उंदराचं घरटं,
मग चासी, खाऱ्या हवेनं
लोखंडाला आणलेली ती ओळखीची खरूज.
नाव नसलं तरी घराणं कळतं:
तपासनिसाची लाल मेणपेन्सिलीतली सही,
मेणाचे कंडेन्सर, पोळ्यासारखे गळलेले,
जादूचा हिरवा डोळा, आता राखाडी,
आणि एका रांगेत सारखेच ट्रान्सफॉर्मर
दोन.

बाई, हा स्टीरिओ आहे. दुसरा डबा कुठाय?

"छे, एकाच तोंडाचा तो."

उजवीकडची नळी जागेवर होती, काळवंडलेली.
डावीकडे रिकामा सॉकेट.
आणि पेटीच्या कोपऱ्यात, खिळ्याला सुतळीनं बांधलेली,
तियात्राच्या जाहिरातीत गुंडाळलेली
एक पुडी.
उघडली. नळीच. डोक्यावरचा थर चंदेरी,
हवा शिरली असती तर दुधासारखा पांढरा झाला असता;
यात तर मला माझं नाक दिसलं.
काचेवरचे आकडेसुद्धा
कुणाच्या बोटानं पुसले नव्हते.

हे समजायला मला दोन दिवस लागले.
स्पीकर नसताना ती बाजू चालू ठेवली
तर ट्रान्सफॉर्मर जातो.
ओझं नसलं की जळतं,
धंद्यात आम्हाला पहिलं हेच शिकवतात.
सिप्रियान बोटीवर विजेचं काम करायचा, त्याला ठाऊक होतं.
त्यानं नळी काढली.
टाकली नाही.

मग एस्पेरांसा बोलली, माझ्याकडे न बघता.
एकाहत्तरची वाटणी. बाल्कांवाच्या मधोमध चिऱ्यांची भिंत.
नोटरीसमोर लिहिलेलं: रेडिओ आणि एक स्पीकर सिप्रियानला,
दुसरा स्पीकर धाकट्या इनासला.
कशाला हवा होता त्याला? ती म्हणाली, कशालाच नाही.

इनास आता नव्वदीचा.
स्पीकरवर मिठाची बरणी, शेजारी कोकमाची.
आतला कागद मात्र शाबूत,
एक चीर होती, ती मी सिगारेटच्या कागदानं सांधली.
"न्यायचा नाही," तो म्हणाला. "कागदावर आहे."
मग बऱ्याच वेळानं,
"तार आण."

साठच्या बल्बामधून वीज सोडली, हळूहळू.
बल्ब लखलखला, मंदावला. नळ्यांच्या पोटात
निखारे धरले. डोळा
उघडला, आजारी माणसासारखा, अर्धा.

रेकॉर्ड तिच्या कपाटातली, मांडोची.
तिच्या खोलीत सेगुंद, दुसरा आवाज.
लहानपणापासून ती तोच गाते,
आणि चर्चच्या गायनात सगळे विचारतात,
तुला पहिला कसा येत नाही?
पहिला भिंतीपलीकडे होता,
मिठाच्या बरणीखाली.

इनासनं काठीनं भिंतीवर दोनदा ठोकलं.
मला वाटलं, बंद करायला सांगतोय.
तिनं आवाज वाढवला.

दोघंही आपापल्या बाजूला बसून राहिले.
मी तार मोजायला बाहेर आलो होतो.
पायऱ्यांपाशी भिंत संपते, तिथं,
तिच्या टोकाशी उभं राहिलं
की दोन्ही येऊन मिळतात, जरा फुटके.
पक्कड हातात धरून
एक बाजू संपेपर्यंत मी हललो नाही.

रात्री वहीत लिहिलं:
मेक, ठाऊक नाही.
नळ्या सात, पैकी एक कोरी.
बॅलन्सचं बटण खरखरतं, तसंच ठेवलं.
तार अकरा मीटर.
तिचे पैसे लावले नाहीत.