सुरी करकरली

करगणीच्या माळावर, अजून नीट उजाडलंही नव्हतं,
धुळा मेटकऱ्यानं मेंढी खांद्यावरून आणली.
म्हणाला, बाबालाल, मरायच्या आधी काप.
मी तिची पापणी खाली ओढली.
आतली कड पांढरी, चुन्याच्या निवळीसारखी.
जबड्याखाली पाण्याची थैली लोंबत होती,
बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला.
लोकर धरली तर मूठभर हातातच आली.

पोट फाडलं, काळजावर सुरी ठेवली,
आणि ती करकरली.

चाळीस वर्षं या हातात सुरी आहे.
काळीज आवाज करत नाही कधी.
हे मात्र पाटीवर खडू घासावा तसं,
पित्ताच्या नळ्या जाड, आतून चुना धरलेल्या.
एक नळी दाबली, तिच्यातून पान निघालं.
करडं, चपटं, दोन पेरांएवढं,
आणि ते हलत होतं.

गळवे मॅडम दवाखान्यातून बरणी घेऊन आल्या.
उकिडव्या बसून सांगत राहिल्या:
पाटाच्या कडेची शंखातली गोगलगाय,
तिच्या पोटात हा वाढतो,
मग गवताच्या पात्यावर मोहरीहून बारीक ठिपका होऊन बसतो.
मेंढीनं गवत खाल्लं की आतडं भोसकून बाहेर पडतो,
काळजात शिरतो, महिना-दीड महिना बोगदे पाडतो,
शेवटी पित्ताच्या नळीत बिऱ्हाड.
तिथंच रक्त पितो, अंडी घालतो,
लेंड्यांतून अंडी परत पाण्यात.

धुळा मधेच म्हणाला, "म्हंजी पाण्यानं?"

कुणीच बोललं नाही.
याचा बाप उन्हाळ्यात कळप घेऊन
कृष्णेपर्यंत चालत जायचा, पाण्याच्या मागं.
पाटाला पहिलं पाणी सुटलं तेव्हा
धुळ्यानं नारळ फोडला
आणि धोतरासकट पाटात बसून राहिला,
बायको हाका मारत होती तरी.
दिवाळीपासून मेंढरं त्या हिरव्यावरच होती.
कुसळं खाऊन वाढलेली जात,
एवढं हिरवं तिनं कधी बघितलं होतं?

उरलेल्या एकवीस जणींना औषध पाजलं.
एकेकीचा जबडा धुळा धरायचा, मॅडम नळी घालायच्या.
किडा मरेल, त्या म्हणाल्या,
पण जेवढं काळीज आत वाळलं
ते काही परत मऊ व्हायचं नाही.

आपण सहज म्हणतो, अमक्याचं काळीज दगडाचं.
मी तसलं पहिल्यांदाच हातात धरलं,
आणि ते एका मुक्या जिवाचं निघालं,
जिनं जन्मात कुणाला शिंग मारलं नव्हतं.

मटण विकलं नाही. खड्डा काढला, चुना टाकून पुरलं.
धुळ्याला पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत,
मग घेतले.
दुपारी कळप वरच्या कोरड्या माळाला लावला त्यानं.
एक मेंढी सारखी थांबायची,
मान वळवून खाली पाटाकडं बघायची.
तो तिला हाकलत नव्हता, नुसता उभा राहायचा.

मी सुरी दगडावर घेतली.
पात्याला दोन जागी दाते पडले होते.