हतनूर, ढगाळ, तीन

गेम उघडला की समुद्र असा निळा,
जणू कुणी सदऱ्यांसाठी नीळ कालवून
बादली तशीच ठेवून गेलं.
ढग दाटले तरी निळा,
वादळ लावलं तरी निळा.
आभाळाशी त्याचं बोलणंच नाही.

सावद्यात, मे महिन्यात,
कूलरच्या तोंडाशी खुर्ची ओढून
एकोणीस दिवस मी समुद्र दुरुस्त करतोय.
खरा पाहिलाय एकदाच,
हर्णैला, शाळेच्या सहलीत, रात्री.
काळा होता. त्याचा उपयोग नाही.

निळा उतरवला, सत्तरवरून एक्केचाळीस.
हिरवा किंचित वर.
लगेच शेततळं झालं, शेवाळ धरलेलं.
आई चहा ठेवताना म्हणाली,
"पाणी बदलायले झालं तुझं."

मग वासुदेव फिरक्यांना बोलावलं.
बावीस वर्षं नेव्हीत; कॉलनीत त्यांना कप्तान म्हणतात.
चष्मा पुसून स्क्रीनसमोर बसले, बराच वेळ.
"रंगाचं मले नको इचारू.
मी इंजिनरूममधी होतो, पाण्याच्या खाली.
वर यायचो तं झोपाले."
मी वारा तीस नॉट केला,
डेक कलला,
आणि त्यांनी न बघताच
टेबलावरचा कप धरून ठेवला.

लाटा बरोबर होत्या तर.

रात्री मागच्या ऑगस्टातले फोटो काढले,
हतनूरचे, दरवाजे उघडायच्या आदल्या दिवशीचे.
मोठे करत गेलो. निळा कुठेच नाही.
जवळ गाळ, मधे जस्ताचा पत्रा,
पलीकडच्या काठाशी
राखेत थोडं दूध पडल्यासारखं.
म्हणजे पाण्याचा आपला रंग जेमतेम;
बाकी वरून उसना,
तोही वाऱ्यानं चुरगळलेला.

तेवढंच आत लिहिलं.
ढग आले की निळ्यानं मागं सरायचं.
खोल जाताना काळं व्हायचं, पण एकदम नाही.
बारा नॉटच्या खाली फेस नाही.
फाईलला नाव दिलं: हतनूर, ढगाळ, तीन.

आता कुठल्याशा बंदरातून निघालेला,
मला कधी न भेटणारा कुणी
भर समुद्रात पावसात सापडेल,
आणि त्याच्या बोटीखाली
तापीचं अडवलेलं पाणी असेल.
त्याला कळणार नाही.

संध्याकाळ मात्र अजून जमत नाही.
सूर्य टेकला की सगळा समुद्र
ताटात सांडलेला आमरस.
कूलरमधलं पाणी संपलंय,
मोटर कोरडीच घरघरतेय.
उठायला हवं.