तिसरा गल्ला

सोळा वर्षं मी याच गल्ल्यावर.
छातीवर बिल्ला: वर्लीन.
सरकारी कार्ड सरकवलं की यंत्र आधी विचार करतं,
मग बोलतं.
हिरवं बोललं तर ठीक.
लाल बोललं, तर पुढचं मला बोलावं लागतं.

आवाज खाली आणायला मी शिकले.
"हा डबा यात बसत नाही गं,"
असं, जसं कुणाला हळूच सांगावं
पाठीमागची चेन उघडी आहे.

नेइजॉन रात्रपाळी संपवून यायची
कोंबड्यांच्या कारखान्यातून,
बोटं गारठून पांढरी,
कपाळावर जाळीच्या टोपीचा वळ.
तिची बेटं मी एकदा नकाशात शोधली,
बोट ठेवलं तर झाकून जातील एवढी.
पोर खांद्यावर, गालांवर लाल चट्टे,
पाय पोटाशी घेऊन रडायचं ते,
पार मांसाच्या फ्रीजपर्यंत ऐकू जाईल असं.

राज्याचा करार एका कंपनीशी.
एकच झाकण, एकच रंग,
आणि ते दूध पोराला सोसत नव्हतं.
सोसणारं शेजारच्याच फळीवर होतं,
हाताच्या अंतरावर
आणि बेचाळीस डॉलरच्या.

ऑफिस म्हणालं, डॉक्टरची चिठ्ठी आण.
डॉक्टर म्हणाला, गुरुवारी.
कुठल्या, ते नाही म्हणाला.

एकदा तिने तो डबा उचलला,
मागचं बारीक अक्षर वाचलं,
परत ठेवला,
नाव समोर येईल असा, रांगेत, नीट.
एवढं नीट कशाला ठेवायचं?

मागे एक जण, गळाला लावायच्या गांडुळांचं डबडं घेऊन.
"फुकटचं मिळतंय, वर निवड पाहिजे."
धर्माची गाय, दात का गं नाय, तसलंच काहीसं.
अरे, गाईचे दात कोण मोजतंय,
इथे दूधच पोटात राहत नाहीये.
हे मी म्हणाले नाही.
"चौदा डॉलर, सुटे आहेत का," एवढंच म्हणाले.

पुढच्या मंगळवारी मात्र
तो डबा मी टरबूज म्हणून मारला.
चार डॉलर एकोणपन्नास.
तिने पावती पाहिली, मग माझ्याकडे,
मग पावती चार वेळा दुमडली.
कुणाला कळलं नाही.
महिनाअखेरच्या मोजणीत फक्त
एक टरबूज जास्त निघालं.

ऑक्टोबरात नवी यादी आली.
सात नावं. सोयाचं, शेळीचं,
आधीच फोडलेल्या प्रथिनांचंसुद्धा.
मी ती गल्ल्याला चिकटवली, चारी कोपऱ्यांना टेप.
यंत्र आता सहज हिरवं बोलतं.

नेइजॉन आली तेव्हा पोर चालत होतं.
वर्ष उलटलं की डबे बंद,
तो नियम जुनाच आहे, तो कुणी बदलला नाही.
तिने यादीवरून बोट फिरवलं, सावकाश,
चौथ्या नावावर थांबली.
पाव, अंडी, केळी.
"पिशवी नको," म्हणाली.

जाता जाता पोराने यादीचा कोपरा ओढला,
टेपसकट सुटला.
मी तो अजून
चिकटवलेला नाही.