दोन मायक्रॉन

नोंदणी संध्याकाळी सहाला उघडणार होती.
पावणेसहापासूनच खालच्या मजल्यावरचा ओजस
आमच्या जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला.
शेजारी बाबांचं आधार कार्ड, माझं आधार कार्ड,
आणि बाबांनी कपाटातून काढलेलं कंपनीचं ओळखपत्र,
ज्याची मुदत अठ्ठ्याण्णव सालीच संपली.
"हे लागत नाही, आजोबा."
"असू दे. विचारलं तर?"

सहा वाजून चार मिनिटांनी दोन जागा मिळाल्या.
श्रीहरिकोटा. प्रेक्षक गॅलरी. उघड्यावर, उन्हात.

मग वही निघाली.
बाबा कुठल्याही कामाचं आधी ड्रॉइंग करतात.
कुर्ला टर्मिनस ते चेन्नई, एक रात्र आणि वर थोडा दिवस.
चेन्नई ते सुळ्ळूरपेट, दोन-अडीच तास.
पुढे खाजण ओलांडून बेट.
"आपल्या भांडुपच्या मिठागरांसारखंच असणार," म्हणाले,
"फ्लेमिंगोसुद्धा तेच असतील, कुणी सांगावं."
गोळ्या: सकाळच्या दोन, रात्रीची अर्धी.
टोपी. दुर्बीण नेन्यांकडून, परत द्यायच्या तारखेसह.
'उड्डाण' असं लिहून खाली चार ओळी मोकळ्या सोडल्या.

विक्रोळीच्या शॉपमध्ये बाबा सव्वीस वर्षं लेथवर उभे होते.
शेवटची नऊ त्या बंद खोलीत,
जिथे विडी ओढून आलेल्याला अर्धा तास आत घेत नसत.
काय बनवतो ते घरी बोलायचं नाही, असा हुकूम.
आईनेही कधी विचारलं नाही.
शेजारणींना ती सांगायची, "नळाचं काहीतरी करतात."
तसं ते अगदीच खोटं नव्हतं.

घरात पुरावा एकच.
लिंबाएवढी एक पोलादी बाही,
जिच्यावर इन्स्पेक्टर कुट्टीने लाल फुली मारली होती.
दोन मायक्रॉन.
फणीत अडकलेला एक केस घ्या,
त्याचे उभे पस्तीस भाग करा. त्यातला एक. तेवढं चुकलं.
भंगारात जायची ती बाबांनी रीतसर अर्ज करून मागून आणली.
एकतीस वर्षं ती आमची विजेची बिलं दाबून बसली आहे.

"हिला न्यायचं," बाबा म्हणाले.
ओजसने नियम वाचले. "गेटवर अडवतील."
"तिला सवय आहे."

रात्री भांडी आवरताना मी विचारलं,
पास झालेल्यांचं काय झालं मग?
"काय व्हायचं? दोन-तीन मिनिटं काम, मग समुद्र.
चांगल्या निघाल्या त्या सगळ्या गेल्या.
घरी राहिली ती ही."
खाली टँकरचा पाइप गळत होता. बराच वेळ तोच आवाज.
"कुट्टीशी मी आठवडाभर बोललो नव्हतो.
डबासुद्धा दुसऱ्या बाकावर बसून खाल्ला."

निघायच्या आदल्या दिवशी मेसेज आला.
उड्डाण पुढे ढकललं. तांत्रिक कारण. नवी तारीख यथावकाश.

मी चिडले. रजा सहीसाठी तीन टेबलं फिरली होती,
तिकिटाचे पैसे कापून येणार, शिवाय नेन्यांची दुर्बीण.
बाबांनी चष्मा कपाळावर चढवून मेसेज दोनदा वाचला,
आणि घरात एखाद्याचं लग्न ठरावं तसे खुलले.
"म्हणजे कुणीतरी फुली मारली," म्हणाले,
"आणि वरच्यांनी ऐकली."

बॅग तशीच पलंगाखाली सरकवली.
चिवड्याचा डबा तेवढा बाहेर काढला, मऊ पडेल म्हणून,
आणि जिन्यातून ओजसला हाक मारली.
तो येईपर्यंत, उभ्याउभ्याच,
वहीतल्या तारखेवर पट्टी धरून एक सरळ रेघ ओढली.
शेजारी पेन्सिलीने,
या वेळी पेन्सिलीने,
एक रिकामी चौकट आखली.