सव्वाअकरा इंच

सोनेगाव ते कॅल्गरी
अकरा हजार आठशे ऐंशी किलोमीटर, हवाई अंतर.
उड्डाणाचा अंदाजे वेळ चौदा तास.
फोनच्या पडद्यावर एक वाकडी रेघ उमटली,
वर वर गेली, बर्फातून,
पृथ्वीच्या टाळूवरून पलीकडे उतरली.

मी म्हटलं, खोटं आहे.
उत्पलाला एकतीस तास लागले होते,
दिल्लीत सहा, फ्रँकफर्टला नऊ नुसतं बसून,
आणि सांडग्यांची पिशवी
कुठल्याशा फिरत्या पट्ट्यावर राहून गेली.

"सरळ रेघेत कोण जाते वं,"
पेपरातून डोकं न काढता रामटेके म्हणाले.
त्यांना माहीत असणार.
चौतीस वर्षं रडारसमोर बसून
ते इथे न उतरणाऱ्या विमानांशी बोलले.
सिंगापूरहून लंडनला, दुबईहून हाँगकाँगला,
नागपूर म्हणजे डोक्यावरून जायचं गाव.
पस्तीस हजार फुटांवरचा कुणी अनोळखी
'गुड नाइट नागपूर' म्हणायचा,
आणि हे घरी येऊन आमच्याशी चार शब्द बोलायचे.
चारच.

उत्पलाचा शाळेतला पृथ्वीगोल काढला,
धूळ पुसली, टेप लावली.
माझी शिलाईची टेप, सुरुवातीचे आकडे झिजलेली,
पहिला इंच सोडून मोजायची सवय.
नागपूर त्यावर नाहीच.
अंदाजाने बोट ठेवलं, टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर.
कॅल्गरीही नव्हतं. तिथे यांनी बोट ठेवलं.
दोघांची दोन बोटं, मध्ये ताणलेली टेप.
सव्वाअकरा इंच.
कोपरापर्यंतच्या बाहीला एवढंच लागतं.

झिरो माइलच्या दगडावर
चांदा आहे, शिवनी आहे, छिंदवाडा, बैतूल,
सकाळी निघून माणूस भेटून येता येईल अशी गावं.

तिच्याकडे सकाळचे सात, इथे रात्रीचे साडेसात.
"माप सांग," मी म्हटलं, "दंड किती, छाती किती."
"आई, जुन्याच मापाने शिव ना."
जुनं माप वहीत आहे, पान सत्तावीस,
छाती बत्तीस, दंड साडेदहा,
चार वर्षांपूर्वीचं.
पडद्यावर ती गळ्यापर्यंतच दिसते,
खाली जाड स्वेटर.
आत वाळलीस की भरलीस, विचारलं
की ती हवामान सांगते. उणे बावीस.

विमानतळ ते विमानतळ
कुणालाही बोटाच्या एका टोकावर कळतं.
मला उत्पलाचा दंड माहीत नाही.

रात्री कापड टेबलावर पसरलं.
डोक्यावरून एक विमान गेलं, खूप उंचावरून,
आवाज मागे राहिला.
अंगणात हे मान वर करून उभे, ओठ हलत होते.
"कोणाशी बोलता?"
"कोनाशीच नाही."

मी खडूने रेघ मारली,
पान सत्तावीसची, सरळ.
मग तिच्याबाहेर दुसरी.
एरवी अर्धा इंच माया ठेवते,
शिकायला येणारी पोरगी म्हणते, तेवढंही कापड वाया जातं.
या वेळी दोन्हीकडे दीड-दीड इंच माया ठेवली.
वरून कच्ची टीप घातली, उसवायला सोपी.
तिकडे कोण शिंपी शोधेल ती.
स्वतःच उसवेल,
लहानपणी माझ्या मशीनखाली बसून करायची तशी,
दातांनी दोरा तोडून.