चौथी नळी

औशाहून आणली असती तर नव्वद रुपयांची नळी.
पण ह्यांना मेस्त्री लागत नाही.
ठिबकचा तुकडा चुलीवर धरून मऊ केला,
पेरणी यंत्राच्या तुटक्या नळीत खुपसला,
वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी, बायंडिंगची तार,
आणि पकडीचे चार पीळ
दात-ओठ खाऊन.

मी बॅटरी धरून उभी.
म्हटलं, आतून काठ वितळून वळलाय.
म्हणाले, उजेड नीट धर.

धरला.

दीड दिवसात पेरणी उरकली.
सोमलिंगचा ट्रॅक्टर परत गेला,
यंत्रावर पाणी मारून शेडात लोटलं.
पोत्यात बी उरलं होतं.
कसं उरलं, कोणी विचारलं नाही.

सोयाबीननं सहाव्या दिवशी माती उचलली
आणि बांधावरून दिसलं:
जाताना तीन तासं उगवलेली, एक कोरं, मग दोन.
येताना उलटं.
म्हणजे कधी चारांनंतर रिकामं, कधी सहांनंतर,
दोन एकर, डांबरीला लागून,
एसटीतल्या माणसालाही वाचता यावं असं.
भिंतीचा पोपडा निघाला तर कॅलेंडर लावता येतं.
शेताला काय लावणार?

जब्बारमेस्त्री गाडी थांबवून म्हणाला,
"चौथी नळी, भाऊ."
यंत्र न बघताच.
हे म्हणाले, "बियाणंच बोगस निघालं औंदा."
मेस्त्री हसला नाही.
ते जास्त लागलं.

खोटं कशाला बोलू,
माझ्या शिलाई मशीनला ह्यांनी
जुन्या दप्तराचा पट्टा कापून बसवला,
अकरा वर्षं झाली, चालतंय.
बोअरच्या स्टार्टरमध्ये आइस्क्रीमची काडी,
अजून दाबून बसलीय.
कडबा-कटरपायी करंगळीचं टोक गेलं,
पण कटर सुरू केलाच.
हात चांगलाय.
फक्त त्या हाताला
चुकलो म्हणता येत नाही.

मग ओटीत तूर घेऊन
मी आणि चंद्रकला नांग्या भरायला बसलो.
एक वीत, दोन दाणे, एक वीत.
दुपारी हे आले. बोलले काहीच नाही.
पलीकडच्या टोकाकडून वाकून टोकायला लागले.

तासाच्या मध्यावर गाठ पडली
तेव्हा खिशातून तो तुकडा काढला,
ब्लेडनं उभा चिरलेला.
आत वळलेला काठ,
त्याच्यामागं अडकलेलं बी,
एकेका दाण्याला कोंब.

"उगवण चांगली हाय," म्हणाले,
आणि पुढचं वीत मोजलं.