कोळी येऊन गेला

रबाळ्याच्या एमआयडीसीत, कॅन्टीनच्या वरच्या खोलीत
मी चारशे बारा पानं मोजली.
मढवी ऑइल सील्स, स्थापना एकोणीसशे एक्याण्णव.
खाली प्रेस आपटत होता,
दर ठोक्याला चहात एक वर्तुळ उठायचं.

शशिकांत मढवी म्हणाले,
"माल माझा चांगला, मॅडम. पण शोधलं की सापडतो भिवंडीवाला."
मी त्यांच्याच साइटचा नकाशा कागदावर काढला.
मुख्य पान, त्याखाली उत्पादनं, त्याखाली प्रकार,
त्याखाली 'इतर',
आणि 'इतर'च्या पोटात अजून एक 'इतर'.
ते बघत राहिले.
"हे तर आमचं गोडाऊनच झालं."

सहा क्लिक लागतात तुमच्या सगळ्यात खपाच्या मालाला.
माणूस तिसऱ्यालाच कंटाळतो.
यंत्र कंटाळत नाही, पण
इतकं आत कोंबलंय म्हणजे
घरच्यांनाच त्याचं मोल नसावं
असं धरून चालतं.

यादीच्या तळाशी एक पान होतं
ज्याच्याकडे कुठूनच वाट येत नव्हती.
आमच्या धंद्यात त्याला अनाथ म्हणतात.
मला शब्द आवडत नाही, पण तोच आहे.
'झिजलेलं सील कसं मोजावं.'
साल दोन हजार बारा. लिहिणार: पदाजी वैती, टूलरूम.

तीन मापं घ्या. शाफ्टचं, हाउसिंगचं, जाडीचं.
सीलच्या ओठावर विश्वास ठेवू नका, तो सैल झालेला असतो.
शाफ्टवर चरा पडलाय तिथे नको, बाजूला मोजा.
व्हर्नियर नसेल तर दोऱ्याचा एक वेढा घ्या
आणि तीन पूर्णांक चौदा शतांशाने भागा.
दोरा ओला नको.

इतकी वर्षं ते पान
दिवा लावून, दार उघडं टाकून बसलं होतं
आणि घरापुढे गल्लीच नव्हती.

वैती आता ठाण्यात, चेंदणीच्या कोळीवाड्यात.
फोन लावला, तसं काही काम नव्हतं.
सांगितलं, काका, सर्च इंजिनचा एक कोळी असतो,
आठ पायांचा. रात्री येतो, दुव्यावरून दुव्यावर चालतो.
जिथे धागा नाही तिथे जात नाही.
"मग तो आमच्यातला नाय," ते हसले,
"आमचा कोळी आधी जाळं टाकतो."
मग थोडं थांबून,
"बाय, बापूस जाळं विणायचा माझा.
एक गाठ सुटी राह्यली तर गाठ कुठं जात नाय.
मासा जातो."

तीन दिवस गाठी मारत होते.
दोन्ही 'इतर' मोडले,
पंपाची सीलं पंपाकडे, ट्रॅक्टरची ट्रॅक्टरकडे.
जिथे जिथे 'इथे क्लिक करा' होतं
तिथे कुठे नेतोय ते लिहिलं.
वाट विचारणाऱ्यापुढे "इकडून" म्हणत
हवेत हात केला, तर त्याला पत्ता म्हणत नाहीत.
आणि प्रत्येक सीलच्या पायथ्याशी एक ओळ:
माप ठाऊक नाही? झिजलेलं सील असं मोजा.

मढवींनी मोजलं. "एकशे ऐंशी? एक पुरला नसता?"
म्हटलं, एका दोरीने होडी बांधतात.

सहाव्या रात्री, तीन वाजून सतरा मिनिटांनी
कोळी वैतींच्या पानावर आला
आणि पापणी लवायच्या आत पुढे गेला.
सर्व्हरच्या नोंदीत एवढी एकच ओळ.
मी तिचा फोटो काढला, कुणाला पाठवायचा ते न ठरवता.

मढवी रोज सकाळी विचारतात, पहिल्या पानावर आलो का?
अजून नाही. वेळ लागतो.

गुरुवारी संगमनेरहून एक फोन आला.
माणूस दुसरंच काही शोधत होता, इथे पोचला.
मागे इंजिन बंद पडल्यासारखी शांतता,
एक बाई काहीतरी विचारत होती.
तो म्हणाला,
"दोरा कोरडाच घेतलाय.
बत्तीस येतंय."